वन्सं, भाजी वाढू?

"मॅडम, हिला समजवा. आधी नुसती खात सुटली होती, आता पोळीला हात लावत नाही."

शेजारी सोळा वर्षांची लेक, उन्हानं रापलेली, तळहातांना दोरीचे घट्टे. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) मुंबईत ती डिंगी चालवते, म्हणजे शिडाची छोटी होडी. मी समुपदेशक. वजनावरून भांडणाऱ्या मायलेकी माझ्याकडे नेहमी येतात. होडी पहिल्यांदाच आली.

"होडीत बसायचंच ना? वजनाचं काय त्यात?" मी अडाण्यासारखं विचारलं. ती स्टुलाच्या कडेला बसली, पावलं माझ्या सोफ्याखाली अडकवली आणि पाठ मागे झोकून दिली. थोड्याच वेळात मांड्या थरथरायला लागल्या. "ताई, वाऱ्यानं होडी कलते. सरळ ठेवायला असं बाहेर लटकायचं, शर्यतभर."

यंदा ती इल्का ४ या डिंगीच्या प्रकारातून इल्का ६ मध्ये गेली. होडी तीच, शीड मात्र ४.७ वरून ५.७६ चौरस मीटर. ऑलिंपिकमधली मुलींची एकटीची डिंगी हीच. चेन्नईची नेत्रा कुमानन हिच्यातच टोकियोत ३५वी आणि पॅरिसला २१वी आली. मोठं शीड तोलायला अंगात वजन हवं, म्हणून कोचनं खाणं वाढवायला सांगितलं. वजन वाढलं. गणपतीत आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, "अगंबाई, केवढी सुटलीस!" त्या दिवसापासून पोळी बंद.

पाळी तीन महिने आली नव्हती. आई म्हणाली, उन्हाचा त्रास असेल. इथे मी गप्पा थांबवल्या. एवढ्या मेहनतीला अन्न पुरलं नाही की शरीर आधी पाळी थांबवतं, पुढे हाडं ठिसूळ होतात. हे समुपदेशनानं सुटणारं नव्हतं. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि खेळाडूंची आहारतज्ज्ञ, दोघींकडे पाठवलं.

आईचं खरं दुखणं दुसऱ्या भेटीत निघालं. "काळवंडलीय, दांडगी दिसते. उद्या स्थळं बघायची तर?" मी वाद घातला नाही. सोळाव्या वर्षी स्थळांवर काय बोलायचं? एवढंच म्हटलं की घरात कुणी तिच्या अंगावरून बोललं, तर तुम्ही थांबवायचं.

"नणंदेला मी काय बोलणार हो?"

मग मी नणंद झाले. चार-पाचदा वाक्य घोटून घेतलं.

पाळी अजून नियमित नाही, डॉक्टरांकडे जाणं चालू आहे. पोळ्या मात्र परत आल्या. होळीनंतर आईचा फोन आला. पंगतीत आत्यानं विषय काढलाच होता.

"मी म्हटलं, वन्सं, तिच्या खेळाला लागतं ते वजन. भाजी वाढू? हात कापत होता हो माझा, पळी ताटावर आपटली."

"मग?"

"घेतली त्यांनी भाजी."