ओलावा लागला की खचणाऱ्या मातीवर रस्ता टिकतो का? डांबराचा थर जाड केला तर चालेल का?

टिकतो. पण डांबर जाड करून नाही, आणि त्या दुसऱ्या प्रश्नासाठीच लिहायला बसलो, कारण हेच वाक्य मी साईटवर एका वरिष्ठ साहेबांच्या तोंडून ऐकलंय.

परभणीकडे मोरीचं काम होतं, दोन्ही बाजूंना उंच भराव. एप्रिलचं ऊन, टँकर लांबून आणायचा, त्याचे पैसे वेगळे. मी म्हणत होतो माती ओएमसीला, म्हणजे ज्या ओलाव्याला ती सगळ्यात घट्ट दाबली जाते तिथे, आणल्याशिवाय रोलर फिरवू नका, साहेब म्हणाले कोरडीच दाबा, बघा कशी दगडासारखी बसलीये. दिसायला कडक होतीच. कोरड्यात दाबलेली माती अशीच फसवते, आत पोकळ्या राहतात पण कोरडेपणामुळे कण एकमेकांना धरून असतात, वरून भरलेला ट्रक गेला तरी काही होत नाही. पाणी मुरलं की ती पकड सुटते आणि त्याच वजनाखाली सगळं खाली बसतं, वजन वाढावंच लागत नाही. जूनमध्ये मोरीचा स्लॅब जागेवर आणि दोन्हीकडचा रस्ता वीतभर खाली, रात्री मोटरसायकलवाले आदळायला लागले. मग साहेबांनी काय केलं, वर खडी-डांबर टाकून लेव्हल केली. आतला न भिजलेला भराव पुढच्या पावसात बसला, डांबरासकट.

चीनच्या लोएस पठारावर वाऱ्याने आणून टाकलेली माती मुळातच अशी आहे. तिथे ती आधीच भिजवून किंवा जड वजन उंचावरून आपटून बसवून घेतात, मग वर बांधकाम. आपल्याकडे टँकरचे पैसे वाचवून आपणच तशी माती तयार करतो, याचा मला खरंच राग येतो.

20-25 सेंमीचे थर टाका, प्रत्येक थराला पाणी, प्रत्येक थराची डेन्सिटी (घनता) काढा, लॅबमध्ये त्या मातीची जास्तीत जास्त जेवढी येते तिच्या भरावाला 95 टक्के आणि सबग्रेडला (रस्त्याच्या खडीच्या लगेच खालचा मातीचा थर) 97 च्या खाली सोडू नका. सीबीआर (माती किती भार पेलते त्याचा आकडा) चार दिवस पाण्यात भिजवलेल्या सॅम्पलचाच धरा. साईड गटार आधी, डांबर नंतर.

हां, तुमच्याकडे काळी माती असेल तर प्रकरण वेगळं, ती भिजली की फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिथे टेस्ट करून 3 ते 5 टक्के चुना नाहीतर चांगल्या मुरमाचा जाड थर लागतो. आधी माती लॅबला पाठवा.

आणि गुत्तेदाराच्या रजिस्टरात थरागणिक ओलाव्याची नोंद नसेल तर भरावाचं बिल पास करू नका, मी तेव्हाही हेच म्हणत होतो.