पाण्यात उतरण्याआधी ट्यूबची मागची बाजू वाच

मालवणला पहिल्यांदाच स्नॉर्केलिंगला निघालीयस ना, मग बॅग भरताना सनस्क्रीनवरची घटकांची यादी नीट बघ. ऑक्सिबेन्झोन किंवा ऑक्टिनॉक्सेट, ही ऊन अडवणारी पण प्रवाळाला घातक ठरू शकणारी रसायनं, दिसली की ती ट्यूब घरीच ठेव. अमेरिकेच्या हवाई बेटांवर या दोन्हींच्या सनस्क्रीनची दुकानातली विक्री २०२१ पासून बंद आहे. पुढे 'रीफ सेफ', म्हणजे प्रवाळाला सुरक्षित, असं छापलंय म्हणून भुलू नकोस, त्या शब्दांना ठरलेली व्याख्याच नाही.

ऑक्सिबेन्झोन आपल्या कातडीवर ऊन अडवतं. प्रवाळाचं नातेवाईक असलेल्या समुद्रफुलाच्या (सी ॲनिमोन) शरीरात मात्र त्याला साखरेचा रेणू चिकटतो आणि तेच संयुग उन्हात विषारी होतं. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०२२ मध्ये हे दाखवून दिलं. समुद्रफुलाच्या आणि प्रवाळाच्या आत राहणारं शैवाल यातलं बरंचसं विष स्वतःत साठवतं. म्हणजे पाणी तापून शैवाल गमावलेल्या, पांढऱ्या पडलेल्या प्रवाळाला याचा धोका जास्त. प्रवाळ पांढरं पडतं ते मुख्यतः उष्णतेनेच, हे खरं. पण आधीच आजारी असलेल्याला आपण आणखी का छळायचं?

झिंक ऑक्साइडवालं, नॅनो म्हणजे अतिसूक्ष्म कण नसलेलं सनस्क्रीन घे. चेहरा पांढराफटक दिसेल, दिसू दे. त्याहून उत्तम म्हणजे पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट. मग क्रीम चेहऱ्याला, मानेला लावलं की झालं. तेही किनाऱ्यावरच लाव आणि सुकू दे. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ होडीत घाईघाईने क्रीम चोपडून उड्या मारणाऱ्यांभोवती पसरलेला तेलकट तवंग मी पाहिलाय, आणि त्याच्या बरोब्बर खाली प्रवाळ होतं. त्यावर पायही टेकू नकोस हं.