गोव्यातल्या गावावर मोबाइल गेम करतोय. ग्राफिक्स रिअलिस्टिक ठेवावेत की स्टायलाइज्ड?

टीम तिघांची, गाव पावसाळ्यातलं आणि गेम साध्या फोनवर चालायला हवा, असं तुम्ही लिहिलंय. मग पूर्ण रिअलिस्टिकचा नाद सोडा. मी फोंड्याला राहतो, गेमसाठी घरं-रस्ते मॉडेल करतो. त्या कामातून बनलेलं हे मत आहे.

स्टायलाइज्ड म्हणजे सगळंच कार्टून, असं मात्र नाही. आकार वाकवा, तपशील गाळा, पण उजेड आणि पाणी खऱ्यासारखं वागू द्या.

चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची भिंत घ्या. फोटोवरून टेक्श्चर (मॉडेलवर चढवायचं पृष्ठभागाचं चित्र) केलंत तर चिऱ्याची असंख्य भोकं छोट्या पडद्यावर वळवळतात आणि पुढे उभं पात्र त्यात हरवतं. मी चिरे जरा मोठे करतो, कडा झिजवतो, भोकं कोपऱ्यांपाशीच ठेवतो. मधला भाग जवळजवळ सपाट. पण जमिनीलगत उडालेले तांबड्या मातीचे शिंतोडे, त्यावर धरलेलं शेवाळ आणि वर कौलांच्या आडोशाला राहिलेली कोरडी पट्टी सोडत नाही. ओला चिरा गडद होतो, चकाकतो. तिथे रंग गडद करा, रफनेस (पृष्ठभागाचा खरखरीतपणा) कमी करा. काचेऐवजी शिंपले बसवलेल्या जुन्या खिडकीत एकेक शिंपला कोरू नका, पण आत दिवा लागला की बाहेर दुधाळ उजेड पडायलाच हवा. नाहीतर ती प्लास्टिकची वाटते.

'ओकामी' (२००६) हा गेम आधी रिअलिस्टिकच होणार होता. प्लेस्टेशन २ला ते जड जाऊ लागलं आणि गेम जपानी शाईचित्रांच्या वळणावर गेला. त्या वेळचे कितीतरी 'हुबेहूब' गेम आज केविलवाणे दिसतात, हा नाही.

शैली मात्र उसनी कशाला आणायची? आपल्या जुन्या देवळांतली काव कला बघा: पांढऱ्या चुन्यावर तांबडा थर, तो खरवडून काढलेलं चित्र. मेन्यू आणि कटसीनला (गेममधल्या, नुसत्या बघायच्या प्रसंगांना) झकास शोभेल.

पात्रांसाठी 'टीम फोर्ट्रेस २' (२००७) हा नेमबाजीचा गेम नीट बघा. नुसत्या बाह्याकृतीवरून कोण ते कळतं आणि सगळ्यात जास्त काँट्रास्ट छातीपाशी, म्हणजे हत्यार असतं तिथे. तुमचा एखादा स्क्रीनशॉट कृष्णधवल करून अंगठ्याएवढा करा. पात्र पटकन सापडलं नाही, तर आधी मागची भिंत शांत करा. पात्राला नंतर हात लावा.