म्हाताऱ्या तारकागुच्छात तरुण निळे तारे कसे काय?

तरुण नाहीत, त्यांना आयतं इंधन मिळालंय. गोलाकार गुच्छातले तारे साधारण 12 अब्ज वर्षांचे. सूर्याएवढे जड तारे तिथे केव्हाच म्हातारे होऊन संपले. तरी 1953 मध्ये खगोलशास्त्रज्ञ ॲलन सँडेज यांना एम3 नावाच्या अशाच एका गुच्छात हे निळे, जास्त तेजस्वी ‘ब्लू स्ट्रॅगलर’ दिसले. जोडताऱ्यातला (एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोघांतला) एक फुगला की दुसरा त्याचा हायड्रोजन ओढून घेतो. वस्तुमान वाढतं, पृष्ठभाग तापतो, रंग निळसर होतो. गुच्छाच्या गाभ्यात तर एवढी दाटी, की कधी दोन तारे थेट आदळून एकच होतात. मला जोडीचं कारण जास्त पटतं.

ठाण्याहून हे निळे तारे सुटे दिसणं विसरा. मे महिन्यात रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेला, क्षितिजापासून वीसेक अंशांवर, ओमेगा सेंटॉरी हा गुच्छ साध्या द्विनेत्रीतून धुरकट ठिपक्यासारखा सापडू शकतो. मुंबईचा झगमगाट नेमका त्याच बाजूला, ही रड आहेच.