बेसूर नाही, पाहुणा

नागपूरच्या धरमपेठेतल्या एका गिटार शिकणाऱ्या मुलाचा प्रश्न आहे. जॅझ शिकवताना त्याचे सर म्हणतात, 'इथे आउटसाइड ट्रायड टाक, टेन्शन येऊ दे.' म्हणजे काय, असं आईनं विचारल्यावर हा म्हणाला, 'थोडं बेसूर वाजवायचं.' त्यावर आई : 'मंग एवढी फी काहून भरून राहिली मी?' तर याला मराठीत नेमकं काय म्हणावं?

आईचं बरोबर आहे, शब्द चुकला. ट्रायड म्हणजे एकदम वाजणारे तीन सूर आणि कॉर्ड म्हणजे त्या क्षणी साथीला वाजणारा सुरांचा गुच्छ. सूर आपल्या जागेवरून ढळला की तो बेसूर. इथे प्रत्येक सूर जागेवर पक्का असतो, फक्त चालू कॉर्डच्या घरातला नसतो. 'पट्टीबाहेर' हेही जमत नाही. आपल्याकडे पट्टी म्हणजे सा कुठे धरला ते, आणि सा तर हललेलाच नाही. 'बाहेरचा' म्हणावं, तर 'बाहेरचं लागलं' म्हटल्याबरोबर आपल्याकडे लोक लिंबू-मिरच्या शोधायला लागतात!

घरी पेटी असेल तर करून बघ. डाव्या हातानं सा-प धरून ठेव. उजव्या हातानं कोमल रे, म, कोमल ध एकदम दाब. मधला म तसा शुद्धच, पण बाकीचे दोघे सा आणि प यांच्या अगदी बोकांडी बसलेले. कान टवकारतात. आता तिन्ही बोटं पेटीवरच्या लगतच्या खालच्या सुरावर आण : सा, ग, प. हुश्श. नुसता कोमल रे दाबला असतास तर बोट घसरलं असं वाटलं असतं. तिघांचं आपसातलं नातं मात्र कानाला ओळखीचं, म्हणून ते ठरवून आल्यासारखे वाटतात. ट्रायडला मी तर 'त्रिकूट'च म्हणेन. चहाटपरीवरच्या त्रिकुटासारखं ते कुठेही गेलं तरी फुटत नाही.

रागसंगीतात जवळचे शब्द दोन. एक 'विवादी', म्हणजे रागाबाहेरचा सूर : केदार रागात कोमल नी हळूच लागतो तसा. पण तो एकटा सूर, ओझरता. दुसरा 'तिरोभाव' : दुसऱ्या रागाची छटा आणून मूळ राग क्षणभर झाकायचा आणि मग आविर्भावानं उघडा करायचा. बाहेर जाऊन परतण्याची ही गंमत मला जास्त जवळची वाटते. फरक इतकाच, की तिरोभावात ज्याची सावली पडते तो राग असतो, इथे कॉर्ड.

१९६० नंतर जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या चौकडीत पियानो वाजवणारा मॅकॉय टायनर डाव्या हातानं खालचा सा-प असा ठणकावायचा, की उजवा हात कितीही भटकला तरी घर दिसत राही. आपल्याला यात तंबोरा ऐकू येणारच.

'टेन्शन'साठी मात्र 'तणाव' नको, त्यानं संचारबंदी आठवते. 'ताण' म्हण. गाण्यातली 'तान' आणि हा 'ताण', दोघांच्या मुळाशी ताणण्याचाच 'तन्' धातू आहे.

तेव्हा माझा कौल 'पाहुणं त्रिकूट'ला. पाहुणा घरचा नसतो, पण त्याला चोर कोणी म्हणत नाही, आणि तो परत जाणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. आईला वाजवूनच दाखव. फक्त सा-ग-पवर आल्याशिवाय थांबू नकोस, नाहीतर फीचा विषय पुन्हा निघेल.