मारुतीची जिम्नी पुढून २ इंच उचलायची तर नुसत्या स्प्रिंगवर भागेल का?

स्प्रिंग आणलेत, पुढच्या आर्मचं टोक खाली आणणारा ब्रॅकेट ‘नंतर बघू’ असं तुमचा मिस्त्री म्हणतोय. मीही हे ऐकून तसाच घरी आलो होतो. ऐंशीच्या पुढे गाडी हायवेवर डुलायला लागली, वळण संपलं तरी स्टिअरिंग आपणहून सरळ होईना. टायरवर संशय घेऊन दोनदा बॅलन्सिंगचे पैसे घातले. शेवटी अलाइनमेंटच्या कागदावर कॅस्टर (चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागे झुकलेला कोन) बघितला तेव्हा ट्यूब पेटली.

जिम्नीला पुढे दोन्ही चाकांना जोडणारा अख्खा अ‍ॅक्सल आहे आणि तो दोन रेडियस आर्मनी, म्हणजे लांब दांड्यांनी, धरलाय. आर्मचं मागचं टोक चासीला, पुढचं अ‍ॅक्सलला. लांब स्प्रिंगने चासी वर गेली की आर्मचं मागचं टोकही तिच्याबरोबर वर जातं आणि अ‍ॅक्सल पुढच्या बाजूला गरकन कलतो, म्हणजे कॅस्टर कमी होतो. सायकलचा चिमटा तिरका असतो म्हणून ती हात सोडूनही सरळ चालते. तो उभा करून टाकलात तर जे होईल, ते इथे होतं. ब्रॅकेट आर्मचं मागचं टोक पुन्हा खाली आणतो, म्हणून तो त्याच दिवशी बसवायचा. ब्रॅकेटऐवजी सरकवलेल्या भोकाचे कॅस्टर बुशही (आर्मच्या टोकातले रबरी तुकडे) मिळतात. ब्रॅकेट खाली लोंबतो आणि दगडाला पहिला तोच लागतो. त्यामुळे नदीपात्रात फार उतरत असाल तर बुश घ्या. रोजच्या रस्त्याला मी ब्रॅकेटच म्हणेन.

कामाला स्प्रिंग दाबायचा शिकंजा लागत नाही. चासी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) ठेवा, अ‍ॅक्सलखाली जॅक ठेवा, शॉक अ‍ॅब्सॉर्बरचे खालचे बोल्ट आणि गाडीचं कलणं रोखणाऱ्या अँटीरोल बारच्या लिंक सोडा, मग जॅक हळू उतरवा. स्प्रिंग हाताने निघते. मात्र ब्रेकच्या नळीवर आणि एबीएसच्या वायरीवर अ‍ॅक्सल लटकू देऊ नका. स्प्रिंग डावी-उजवी वेगळी असेल तर खुणा बघून घ्या. भारी बंपर, विंच नसताना जड वजनासाठीची स्प्रिंग घातलीत तर गाडी २ इंचांच्या वर उठते आणि बेडकासारखी उडते.

आता जे बहुतेक गॅरेजात चुकतं ते: आर्मचे बोल्ट गाडी घोड्यांवर असताना आवळतात. चाकं जमिनीवर टेकून, गाडीचं वजन येईपर्यंत ते फक्त हातघट्ट ठेवा. नाहीतर रबरी बुश पिळलेल्या अवस्थेतच कायमचे अडकतात आणि लवकर फाटतात.

पॅनहार्ड रॉडचा (चासी आणि अ‍ॅक्सल जोडणारा आडवा दांडा) कोन वाढल्याने अ‍ॅक्सल थोडा एका बाजूला सरकतो. तो लांबी जुळवता येणाऱ्या रॉडने मध्यात आणा, मग स्टिअरिंगकडून चाकाकडे जाणारी ड्रॅग लिंक फिरवून स्टिअरिंग सरळ करा. वाकडं राहिलं तर ईएसपी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा) गोंधळते. शॉक लांब हवेत, बंप स्टॉप (स्प्रिंग पूर्ण दबताना धक्का झेलणारे रबर) वाढवलेले हवेत, हेडलाइटचा झोत खाली घ्या, समोरचे शिव्या देतात.

आणि हो, मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२. नोंदणीतल्या, कंपनीने ठरवलेल्या तपशिलात फेरफार चालत नाहीत, सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हेच सांगितलंय. विमा कंपनीशी आधी बोलून घ्या. जुन्या स्प्रिंग भंगारात देऊ नका, माझ्या माळ्यावर अजून आहेत.