नोकरी जाऊन पाच महिने झाले, पुण्यात एकटाच राहतो. पुन्हा उभारी कशी धरायची?

आधी उमेद येईल आणि मग हातपाय हलतील, याची वाट पाहू नका. मन नसलं तरी रोज एक काम ठरल्या वेळी करायला लागा. मी समुपदेशन करतो. नैराश्याच्या उपचारातली 'बिहेवियरल ॲक्टिव्हेशन' ही पद्धत याच तत्त्वावर चालते: घरात पडून राहिलं की मन आणखी खचतं, लहानशी का होईना कृती घडत राहिली की हळूहळू सावरतं. पुण्यात सर्वांत सोपं म्हणजे सकाळी सहाला पर्वतीची टेकडी चढणं. शंभरेक पायऱ्या, खर्च काही नाही, आणि थोड्याच दिवसांत रोज येणारे एखादे आजोबा "काल दिसला नाहीत?" असं विचारतात. आपली कोणीतरी दखल घेतंय, हे मला त्या चढण्याहूनही मोलाचं वाटतं. नोकरीचे अर्ज त्यानंतर, दिवसाला दोनच.

मात्र दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक उडाली असेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर नुसत्या दिनक्रमावर विसंबू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं. तसं असेल तर आजच लावा.